घराच्या संरक्षणासाठी मॅगझिनवाली सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन भरवशाची असते का?

तुम्ही डॅलसजवळ मुलाबाळांसह राहता, दुकानात एआर-१५ रायफलसारखी दिसणारी, खालून डब्यासारखं मॅगझिन (काडतुसांचा साठा) लावायची तुर्की बनावटीची बारा बोअर सेमी-ऑटो शॉटगन (बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी) स्वस्तात मिळतेय आणि रात्री कोणी घरात घुसलं तर ती दगा देईल का, असं तुम्ही विचारलंय. मी टेक्सासमध्येच राहतो आणि रेंजवर नेमाने जातो, त्या अनुभवावरून सांगतो. हौस म्हणून खुशाल घ्या, पण घराची मदार तिच्यावर ठेवू नका.

दोष एखाद्या कंपनीचा नाही, मूळ अडचण काडतुसातच आहे. रायफलचं काडतूस टणक धातूचं असतं. शॉटगनचं म्हणजे प्लॅस्टिकचं नळकांडं, बुडाला धातूची टोपी आणि त्या टोपीची बाहेर आलेली कड. दुनळीत एकेक काडतूस हाताने भरायचं, तेव्हा ही कड फार सोयीची होती. डब्यात काडतुसं एकावर एक रचली की वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे जाऊन बसू शकते, आणि मग बोल्टने, म्हणजे काडतूस पुढे ढकलणाऱ्या भागाने, कितीही रेटलं तरी वरचं काडतूस पुढे सरकत नाही. शिवाय डब्यातली स्प्रिंग काडतुसांना आडवं दाबत राहते. डबा महिनोन्‌महिने भरून ठेवला तर प्लॅस्टिक चेपतं, काडतूस गोल राहत नाही आणि चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेच्या, तोंडाशी अडतं. बंदुकीच्या नळीखालीच बसवलेल्या नळीच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक असतात, दाब लांबीच्या दिशेने येतो, म्हणून हा त्रास खूपच कमी. आता घरच्या रक्षणाची बंदूक म्हणजे काय, तर भरून ठेवायची आणि महिनोन्‌महिने हातही लावायचा नाही. डब्याला नेमकं हेच सोसत नाही.

तिसरी भानगड गॅसची. बार उडाल्यावर नळीतला थोडा गॅस मागे वळवून बोल्ट हलवला जातो. बारा बोअरची काडतुसं हलक्या छऱ्यांपासून जबर मॅग्नमपर्यंत सगळ्या ताकदीची मिळतात, आणि सगळ्यांना पुरेल असा गॅसचा हिशेब बसवणं सोपं नाही. रशियातल्या इझेव्हस्कची सायगा-१२ घ्या. कलाश्निकोव्हच्या घडणीवर बेतलेली, तिला गॅस कमी-जास्त करायची सोयही होती, तरी हलक्या काडतुसांवर अडणाऱ्या सायगांच्या तक्रारी अमेरिकेत भरपूर झाल्या. लोक गॅसची भोकं मोठी करत, बोल्ट घासून गुळगुळीत करत. २०१४ च्या अमेरिकी निर्बंधांनी तिची आयात थांबली. रशियातल्याच मोलोट कारखान्याची वेप्र-१२ तिच्याहून चांगली मानली जायची, तिचीही आयात २०१७ मध्ये थांबली. रिकामी झालेली जागा बरीचशी तुर्की बंदुकांनी भरली. त्यांतल्या कित्येकींना सुरुवातीला जड काडतुसं झाडून ‘मोकळं’ करावं लागतं. त्यातही एकाची मस्त चालते, तर त्याच मॉडेलची दुसऱ्याची रुसते. रेंजवर अशा बंदुकीचा मालक चाप ओढण्यापेक्षा बोल्ट ओढतानाच जास्त दिसतो.

‘पण स्पर्धांमध्ये तर चालतात!’ असं कोणी म्हणेल. चालतात, पण ते नेमबाज बंदूक कारागिराकडून जुळवून घेतात, एकाच जातीचं काडतूस वापरतात आणि डबा नुकताच भरलेला असतो. तुमची कपाटातली बंदूक त्या वर्गातली नाही.

मग घ्यायचं काय? नळीच्या मॅगझिनची सेमी-ऑटो: खिसा परवानगी देत असेल तर बेनेली एम४ किंवा बेरेटा १३०१ टॅक्टिकल. एम४ अमेरिकी मरीननी १९९९ मध्ये निवडली आणि तिची गॅस यंत्रणा काडतुसाच्या ताकदीप्रमाणे स्वतःच जुळवून घेते. त्याहून स्वस्तात मॉसबर्ग ९४० प्रो टॅक्टिकल बघा. तेही महाग वाटलं तर साधी पंप (पुढची मूठ हाताने मागेपुढे ओढून काडतूस भरायची), मॉसबर्ग ५०० किंवा ५९०, मात्र घाबरलेल्या हाताने पंप अर्धाच ओढला जातो, त्याचा सराव हवा. डबा पटकन बदलता येतो, हे दुकानदाराचं पालुपद घरात फारसं उपयोगाचं नाही.

काडतूस ‘डबल-ऑट’ बकशॉट, म्हणजे मोठ्या छऱ्यांचं, घ्या, शक्यतो कमी धक्क्याचं. हे कमी धक्क्याचं काडतूसच स्वस्त सेमी-ऑटोला कधीकधी पुरेसा गॅस देत नाही, म्हणून जे घरात ठेवणार तेच रेंजवर भरपूर झाडून बघा. आपल्याकडच्या विटांच्या भिंती इथे नाहीत, बकशॉट जिप्समच्या एकापाठोपाठ एक भिंती पार करतं. मुलांची खोली कुठल्या बाजूला आहे, ते आत्ताच पाहून ठेवा.

दुकानात जाण्याआधी व्हिसा तपासा. ग्रीनकार्ड असेल तर हरकत नाही. एच-१बी वर असाल तर वैध शिकारी परवान्यासारखा अपवाद लागू असल्याशिवाय बंदूक जवळ बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. उद्या नोकरीमुळे कॅलिफोर्नियाला गेलात तर सुटं मॅगझिन लागणारी सेमी-ऑटो शॉटगन तिथे नेता येणार नाही.

आणि कुठलीही घेतलीत तरी चेंबर रिकामं ठेवा. बहुतेक शॉटगनची सेफ्टी फक्त चाप अडवते, बंदूक खाली पडली तर आतला घोडा सुटणारच नाही याची हमी ती देत नाही. घरात मुलं आहेत, तेव्हा पटकन उघडणारी कुलुपाची पेटी बंदुकीबरोबरच विकत घ्या.