नवे ग्राफिक्स कार्ड, जुना एसएमपीएस आणि करपट वास

प्रश्न : माझा घरचा संगणक ८ वर्षांपूर्वी सुटे भाग आणून जोडलेला आहे. गेल्या महिन्यात मी त्यात स्वतःच तीन बदल केले. रॅम ८ जीबीची १६ जीबी केली, एक एसएसडी बसवली आणि जुने छोटे ग्राफिक्स कार्ड काढून त्या जागी २०० वॅटचे नवे कार्ड लावले. एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) मात्र जुनाच, ४५० वॅटचा ठेवला. नव्या कार्डाला ८ पिनांचा प्लग लागतो आणि माझ्या एसएमपीएसमधून तसा प्लग निघत नाही, म्हणून चार पिनांच्या दोन प्लगमधून ८ पिनांचा एक प्लग करून देणारा अॅडॅप्टर वापरला. हे दोन्ही प्लग एसएमपीएसच्या एकाच वायरीवर एकापुढे एक आहेत. पहिले दोन दिवस काहीच जाणवले नाही. त्यानंतर मात्र व्हिडिओ संपादनाचे काम सुरू केले की वीस-पंचवीस मिनिटांनी प्लास्टिक करपल्यासारखा उग्र वास येतो आणि काम थांबवले की हळूहळू जातो. तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर ६५ आणि ग्राफिक्स कार्ड ७१ अंश सेल्सिअस दिसते. संगणक एकदाही आपोआप बंद पडलेला नाही. नव्या कार्डाला सुरुवातीला वास येतोच, तासभर पूर्ण ताणावर चालवा म्हणजे जाईल, असे मला सांगण्यात आले. तसे करावे का? की कार्डच सदोष समजून परत करावे? – एक वाचक

उत्तर : तसे मुळीच करू नये. आपण हे उत्तर वाचत असताना संगणक चालू असेल, तर तो आधी बंद करावा, त्याचा प्लग भिंतीवरच्या सॉकेटमधून काढून ठेवावा आणि वासाचे ठिकाण सापडेपर्यंत पुन्हा लावू नये. तासभर पूर्ण ताणावर चालवण्याचा सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, पण माझा अंदाज बरोबर असेल, तर तो तास आपल्या संगणकाला आणि कदाचित आपल्या खोलीलाही फार महागात पडेल.

नव्या कार्डाला वास येतो, हे खरे आहे. त्यावरील कॉइलचे वार्निश आणि सोल्डरिंगनंतर राहिलेला फ्लक्सचा (जोड पक्का बसावा म्हणून लावलेल्या रसायनाचा) अंश प्रथमच तापतो, तेव्हा एक सौम्य, उबदार, काहीसा रंगासारखा वास सुटतो. तो पहिल्याच दिवशी येतो आणि वापरागणिक कमी होत जातो. आपल्याकडे घडले ते याच्या उलट आहे. दोन दिवस काही नव्हते, मग वास सुरू झाला आणि तो कामाच्या ताणाबरोबर वाढतो व ताण उतरला की जातो. नवेपणाचा वास असा वागत नाही. जास्त प्रवाह वाहू लागला की एखादी ठरावीक जागा तापत असली पाहिजे, असेच हे वागणे सांगते.

माझा पहिला संशय त्या अॅडॅप्टरवर आहे आणि आपल्या पत्रातले एकच वाक्य त्याला पुरेसे आहे: दोन्ही प्लग एकाच वायरीवर एकापुढे एक आहेत. २०० वॅटच्या कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळू शकतात आणि उरलेले सगळे ८ पिनांच्या प्लगमधून येतात. १२ व्होल्टच्या हिशेबाने तो प्रवाह १० ते १२ अँपिअर होतो. एसएमपीएसमधून थेट निघणाऱ्या ८ पिनांच्या केबलमध्ये १२ व्होल्टच्या तीन वायरी असतात, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला चारच्या आसपास अँपिअर येतात. आपल्याकडे मात्र एसएमपीएसपासून पहिल्या प्लगपर्यंत १२ व्होल्टची एकच पिवळी वायर आहे आणि सारा भार तिच्यावर आहे. वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्रवाह तिप्पट झाला, तर उष्णता नऊपट होते. अॅडॅप्टर बनवणाऱ्याने दोन प्लग दिले ते दोन वेगवेगळ्या वायरींवरून वीज घ्यावी म्हणून. ते एकाच वायरीवर लावले की त्या योजनेचा अर्थच उरत नाही.

त्यात चार पिनांचा हा जुन्या पद्धतीचा प्लग मुळात थोडा सैल असतो. त्याच्या पिना प्लास्टिकच्या घरात हलतात, प्लग दाबून बसवताना एखादी पिन मागे सरकते आणि काही वेळा काढघाल केली की मादी (पोकळ) पिनेची पकड ढिली होते. धातूचा धातूशी स्पर्श पुरेसा झाला नाही, की त्या जागी प्रतिरोध, म्हणजे विजेच्या वाटेत अडथळा, तयार होतो. समजा, तो फक्त ०.०५ ओहम आहे. १२ अँपिअर प्रवाहाला त्या एका बिंदूवर ७ वॅटहून थोडी अधिक उष्णता निर्माण होते. बारीक कामाचे सोल्डरिंग आयर्न १५ ते २५ वॅटचे असते, हे लक्षात घेतले, तर हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या जागेत कोंडलेले ७ वॅट काय करत असतील, याची कल्पना यावी. शिवाय तापलेली पिन अधिक ढिली पडते, तिच्यावर काळा थर चढतो, प्रतिरोध आणखी वाढतो आणि उष्णताही वाढते. पहिले दोन दिवस वास आला नाही आणि नंतर येऊ लागला, त्याचे कारण मला हेच वाटते.

आता सॉफ्टवेअरचे आकडे आणि संगणक बंद न पडणे, या दोन गोष्टींविषयी, कारण त्यांच्यामुळेच आपण निर्धास्त राहिलात. तापमान मोजणारे सेन्सर प्रोसेसरच्या आणि ग्राफिक्स चिपच्या आत आणि त्यांच्या आसपास असतात. ६५ आणि ७१ हे आकडे खरे आहेत आणि चांगलेही आहेत, पण ते त्या चिपांचे आहेत. केबलमधल्या चार पिनांच्या प्लगमध्ये कुठलाही सेन्सर नसतो. एसएमपीएसचे संरक्षणही इथे कामाला येत नाही. प्रवाह मर्यादेबाहेर गेला किंवा शॉर्टसर्किट झाले, तर तो वीज तोडतो. सैल जोडामुळे प्रवाह वाढतच नाही. नेहमीचाच प्रवाह एका चुकीच्या जागी उष्णता करत राहतो आणि एसएमपीएसच्या दृष्टीने सारे आलबेल असते. या एका बिघाडाची खबर आपल्या नाकाशिवाय कोणीच देणार नाही. म्हणूनच त्या वासाची सवय होऊ देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तपासणी कशी करावी, ते सांगतो. प्लग भिंतीतून काढल्यावर संगणकाचे सुरू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे शिल्लक वीज निघून जाईल. अर्धा तास थांबून कॅबिनेटचे झाकण उघडावे. दिवसाच्या उजेडात किंवा टॉर्च धरून अॅडॅप्टरचे दोन्ही प्लग सोडवावेत. वायर ओढू नये, प्लास्टिकला धरून काढावे. प्लग घट्ट चिकटून बसला असेल, तर तो वितळून बसल्याचीच ती खूण आहे. मग पिवळ्या वायरीचे छिद्र आणि लाल वायरीचे छिद्र शेजारी शेजारी ताडून पाहावे. ग्राफिक्स कार्डाच्या अशा अॅडॅप्टरमध्ये लाल वायर, म्हणजे ५ व्होल्टची बाजू, वापरली जात नाही. त्यामुळे ती जशी होती तशीच राहते आणि तुलनेला उत्तम उपयोगी पडते. अशाच एका संगणकातून काढलेला प्लग मी जपून ठेवला आहे. लाल बाजूचे छिद्र नीट गोल आणि प्लास्टिक पांढरे आहे. पिवळ्या बाजूला छिद्राभोवती आधी पिवळट, मग तपकिरी, अशी कडी उमटली आहे, छिद्र एका अंगाला ओघळून लांबट झाले आहे आणि आतली पिन कथलासारखी चमकण्याऐवजी निळसर काळी पडली आहे. पिवळ्या वायरीचे आवरण प्लगपासून बोटभर अंतरापर्यंत कडक आणि चकचकीत झाले आहे. चिमटीत धरून वाकवले, तर ते वाकत नाही, त्याला चीर जाते. दोन काळ्या वायरीही पाहाव्यात, कारण गेलेला प्रवाह त्यांच्यातूनच परततो.

शेवटी ८ पिनांचा प्लग कार्डातून काढून कार्डावरचे सॉकेट बघावे. ते स्वच्छ असेल, तर कार्डाला बहुधा धक्का लागलेला नाही आणि ते परत करण्याचे कारण उरत नाही. तिथे डाग असेल, तर ते कार्ड पुन्हा न लावता हमीत बसते का, ते विचारावे.

अॅडॅप्टर निर्दोष निघाला, तर दुसरा संशय एसएमपीएसवर घ्यावा. त्याच्या मागच्या जाळीशी वास घ्यावा. आतला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) किंवा तापलेले रेझिन खराब होत असेल, तर तीव्र, कित्येकदा मासळीसारखा वास तिथूनच येतो. एसएमपीएस उघडून मात्र पाहू नये. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ ३०० व्होल्टहून अधिक दाब राहू शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो. भिंतीवरचे सॉकेट आणि एक्सटेन्शन बोर्डही हाताने चाचपून पाहावेत. वास कॅबिनेटचा वाटतो आणि तापलेला असतो बोर्डाचा प्लग, असेही होते. रॅम आणि एसएसडी यांना मोजके वॅट लागतात, त्यांना आपण सोडून देऊ. जुन्या हीटसिंकवरची (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावरची) धूळ तापूनही वास येतो, पण तो कोरडा, मातकट असतो आणि साफसफाई केली की जातो.

डाग सापडो वा न सापडो, एसएमपीएस बदलावा असे माझे मत आहे. एसएमपीएसवर ४५० हा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, पण कामाचा आकडा त्याच्या बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात असतो. समजा, तिथे २८ अँपिअर लिहिले आहे. २८ गुणिले १२ म्हणजे ३३६ वॅट. कार्डाचे २००, संपादन करताना प्रोसेसरचे ९० ते १००, बाकी सगळ्याचे मिळून ४० ते ५० धरले, तर बेरीज ३३० ते ३५० होते. म्हणजे काठोकाठ, आणि हे ८ वर्षे वापरलेल्या कपॅसिटरच्या जिवावर. शिवाय आधुनिक ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांपुरती नेहमीपेक्षा बरीच अधिक वीज ओढते. स्वतःची ८ पिनांची केबल असलेला आणि १२ व्होल्टला ४५ अँपिअर देणारा एसएमपीएस घेतला, तर अॅडॅप्टरची गरजच राहणार नाही.

तो बसवल्यावर पहिल्यांदा संपादनाचे नेहमीचे काम पंधरा मिनिटे करावे आणि त्या वेळात संगणकाजवळच बसावे. मग बंद करून, भिंतीतला प्लग काढून, ८ पिनांच्या प्लगला बोट लावावे. कोमट लागला, तर ठीक आहे. बोट ठेववत नसेल, तर प्लग बहुधा पूर्ण बसलेला नाही. खाचेचा टक आवाज होईपर्यंत तो दाबावा लागतो. धूर दिसला, तर कशाचाही विचार न करता भिंतीवरची वीज तोडावी आणि पाणी टाकू नये.

प्रश्न : मी एसएमपीएस बदलला. जुना आणि नवा वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत, पण दोन्हींच्या केबल सुट्या काढता येतात. जुन्या केबल कॅबिनेटमध्ये नीट बांधलेल्या असल्याने त्या तशाच ठेवून फक्त एसएमपीएसच्या बाजूने नव्यात लावल्या. त्या सहज बसल्याही. सुरू करताच टक असा आवाज झाला, जळका वास आला आणि आता हार्ड डिस्क दिसत नाही. – एक वाचक

उत्तर : वरील पत्रलेखकही एसएमपीएस बदलणार आहेत, म्हणून आपले पत्र इथेच घेतले. केबलचे हार्ड डिस्ककडचे टोक सर्वत्र सारखे असते, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनेवर किती व्होल्टचा दाब, याचे सर्वांना बांधील असे मानक नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक आढळतो. प्लग सहज बसला, यावरून काहीच सिद्ध होत नाही. आपल्याकडे हार्ड डिस्कच्या ५ व्होल्टच्या वाटेवर १२ व्होल्ट गेले असण्याची शक्यता मोठी आहे.

हार्ड डिस्कच्या सर्किटवर बहुधा संरक्षक डायोड असतो. जास्त दाब आला की तो स्वतः शॉर्ट होऊन पुढच्या भागांना वाचवतो आणि तो टक आवाज व वास त्याचाच असू शकतो. अशा वेळी तबकड्यांवरची माहिती बहुतेक वेळा शाबूत असते. म्हणून ती डिस्क पुन्हा पुन्हा लावून पाहू नये. तशाच मॉडेलचे सर्किट आणून अदलाबदल करण्याचाही प्रयत्न करू नये, कारण त्या सर्किटवरच्या चिपमध्ये त्याच एका डिस्कपुरती जुळवणी साठवलेली असते. माहिती मोलाची असेल, तर डिस्क आहे त्या स्थितीत डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे द्यावी आणि काय घडले ते लपवू नये; चुकीची केबल लावली, एवढे सांगितले तरी त्याचा अर्धा वेळ वाचतो.

जुन्या सगळ्या केबल, मदरबोर्ड आणि प्रोसेसरच्यासुद्धा, आजच काढाव्यात आणि जुन्या एसएमपीएसबरोबर एका पिशवीत बांधून ठेवाव्यात. नव्याच्या खोक्यात आलेल्या केबल लावून, आधी सर्व डिस्क सोडवून, फक्त मदरबोर्ड सुरू होतो का ते पाहावे. तो सुरू झाला, तर एकेक डिस्क जोडत जावे. प्रत्येक वेळी भिंतीतला प्लग काढूनच.