बास गिटार स्टेजवर वाजवताना कंप्रेसर लावावा का?

तुम्ही लिहिलंय की स्लॅप करताना (अंगठ्याने तारेवर मारून आणि तार खेचून वाजवताना) काही नोट्स एकदम अंगावर येतात, जाड तारेवरच्या नोट्स मात्र ऑक्टोपॅड-ढोलकीच्या गर्दीत बुडतात. म्हणून कंप्रेसर पेडल, म्हणजे मोठे आवाज आपोआप दाबणारं पेडल, घेतलंत, आणि आता साउंडवाला म्हणतो, "ते काढून टाक." माझं मत: पेडल ठेवा, पण इतकं हलकं लावा की ते चालू आहे हे पट्कन कळूही नये. आणि या दोन तक्रारी आधी वेगळ्या करा, कारण पेडल त्यातली एकच सोडवू शकतं.

जाड तारेचं आधी. मोकळ्या ई तारेचा मूळ सूर साधारण ४१ हर्ट्झला असतो. छोट्या स्टेजवरचे मॉनिटर आणि भाड्याने आलेले बास ॲम्प तिथपर्यंत धड पोचतच नाहीत. आपल्याला ऐकू येतात ते वरचे ८२, १२३ हर्ट्झचे स्वरांश. स्पीकर जे बाहेरच टाकत नाही ते कंप्रेसर कुठून आणणार? उलट बरीच साधी पेडल्स खालच्या सुरांची ताकद बघूनच दाबायला लागतात. म्हणजे हरवतेय अशी तुमची तक्रार ज्या नोटेबद्दल आहे, नेमकी तीच आणखी खाली जाते. इथे काम आहे इक्यूचं, म्हणजे आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या बटणांचं. तळाचा घुमारा थोडा कापा, ७०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास किंचित उचला, म्हणजे बोटाचा आघात ऐकू येतो आणि नोट कुठली आहे ते कळतं. कीबोर्डवाल्याचा डावा हातही त्याच पट्टीत बास वाजवत असेल तर त्याला हात जरा वर घ्यायला सांगा. हे कुठल्याही पेडलपेक्षा जास्त उपयोगी पडतं, फक्त सांगायला थोडी हिंमत लागते.

स्लॅपसाठी मात्र कंप्रेसर खरंच हवा. अंगठ्याचा मार आणि 'जी' (G) नावाची बारीक तार खेचून सोडलेला पॉप यांची उंची बोटांनी वाजवलेल्या नोटेपेक्षा बरीच जास्त असते. रेशो (दाबण्याचं प्रमाण) ४:१ ठेवला तर थ्रेशोल्डच्या, म्हणजे जिथून दाबणं सुरू होतं त्या पातळीच्या, ८ डीबी (डेसिबल) वर गेलेली नोट फक्त २ डीबी वर राहते. लाइव्हला एवढं पुष्कळ झालं. थ्रेशोल्ड असा लावा की बोटांनी हळू वाजवताना मीटर हलू नये आणि स्लॅपला ४-५ डीबी खाली जावा. हे घरी ठरवून उपयोग नाही. समोर गर्दी असली की उजवा हात आपोआप जोरात पडतो, आणि घरी जेमतेम स्पर्श होणारा थ्रेशोल्ड स्टेजवर प्रत्येक नोटेला ओलांडला जातो.

अटॅकमध्ये, म्हणजे कंप्रेसर दाबायला किती वेळ घेतो त्यात, बहुतेकांचा घोळ होतो. तो शून्याकडे नेला की आघात चिरडला जातो आणि बास ड्रमच्या मागे जाऊन बसतो. २० ते ४० मिलिसेकंद ठेवा, आघात सुटून जाऊ दे, पुढचं दाबलं जाऊ दे. शिवाय ४१ हर्ट्झच्या लाटेचं एक आवर्तनच सुमारे २४ मिलिसेकंदांचं असतं. अटॅक आणि रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) दोन्ही फार जलद असले तर कंप्रेसर नोटेऐवजी त्या लाटेच्याच मागे धावतो आणि खालचा सूर खरखरतो. लोक मग केबल बदलत बसतात.

रिलीज गाण्याच्या लयीवरून ठरवा. १२० च्या टेम्पोला सोळांश नोट १२५ मिलिसेकंदांची होते. रिलीज त्याहून बरंच लांब असेल तर पहिल्या जोरदार मारानंतरच्या नोट्स दबलेल्याच निघतात आणि ग्रूव्ह लंगडतो.

आता तुमचा साउंडवाला. तो अर्धा बरोबर आहे. त्याचं मिक्सर डिजिटल असेल, बेरिंजर एक्स३२ किंवा तसलंच काही, तर प्रत्येक चॅनेलला कंप्रेसर आधीच आहे. तुमचा ४:१ आणि त्याचा ४:१ एकामागोमाग लागले की दोन्ही थ्रेशोल्डच्या वर तो हिशोब १६:१ होतो. तो लिमिटरच (आवाज ठरावीक उंचीवर अडवणारा) झाला, गाणं कुठलंही असो, बास एकाच उंचीवर सरपटतो. म्हणून वाद घालू नका, एवढंच सांगा: "मी फक्त पॉप कापतोय, बाकीचं तुम्ही बघा." बहुतेक जण लगेच ऐकतात. त्यांना राग असतो तो घरून पूर्ण पिळून आणलेल्या सिग्नलचा, कारण एकदा चपटा झालेला आवाज मिक्सरवर परत उभा करता येत नाही.

त्यांच्या रागाचं दुसरं कारण मेकअप गेन, म्हणजे दाबल्यावर पेडलने परत वाढवलेला आवाज. पेडल चालू केल्यावर आवाज "भारी" वाटतो तो बऱ्याचदा केवळ मोठा झालेला असतो. चालू आणि बंद, दोन्ही वेळी आवाजाची पातळी सारखी करा आणि मग ठरवा. शिवाय ६ डीबी मेकअप गेन म्हणजे ६ डीबी जास्त हम (विजेची घरघर). मांडवात लाइटच्या डिमरसोबत एकाच लाइनवर साउंड असतो, अर्थिंगचा भरवसा नसतो. दोन गाण्यांमध्ये निवेदक बोलत असताना तुमचा बास गुणगुणत राहिला की सगळे तुमच्याकडे बघतात. जॅझ बास असेल तर दोन्ही पिकअप पूर्ण उघडे ठेवा, त्यांची हम एकमेकांना बरीचशी खाऊन टाकते.

अँपेग एसव्हीटीसारखा ३०० वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प जोरात चालवला की तो स्वतःच गोडपणे दाबतो, तिथे पेडलची गरज कमी. पण आपल्याकडच्या स्टेजवर तो मिळणार कधी? बहुतेक वेळा डीआय बॉक्स (बास थेट मिक्सरला जोडणारी डबी) आणि एक मॉनिटर, एवढंच.

पेडल बदलायचं झालं तर किती दाबलं जातंय हे दाखवणारे दिवे असलेलं बघा, एमएक्सआर एम८७ तसं आहे. स्टेजच्या गोंगाटात ३ डीबी आणि १० डीबीमधला फरक कानाला कळत नाही, डोळ्यांना कळतो. ट्यूनरनंतर आणि ड्राइव्हच्या (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलच्या) आधी लावा. ऑटो-वाह (आपोआप 'वाँव' असा आवाज काढणारं पेडल) वापरत असाल तर ते मात्र कंप्रेसरच्या आधी, कारण ते हाताच्या जोरावरच उघडतं. आणि पॉवर सप्लाय स्वतःचा न्या. गिटारवाल्याच्या डिजिटल डिलेसोबत एकाच ॲडॉप्टरवरून वायर ओढून घेतली की जी शिट्टी येते, ती कंप्रेसर नेमकी शांत जागेत मोठी करून ऐकवतो.