मोटरहोमचा सोलर कंट्रोलर : चौपट पैसे आताच घालावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मोटरहोमच्या छतावर १०० वॉटचे दोन पॅनेल बसले आहेत, आत १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची एजीएम (सीलबंद लेड-अ‍ॅसिड) बॅटरी आहे, फक्त कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीत जाणाऱ्या विजेवर ताबा ठेवणारं यंत्र) घ्यायचा राहिलाय. २० अँपिअरचा, साध्या पीडब्ल्यूएम प्रकारचा घ्यावा की ३० अँपिअरचा, एमपीपीटी प्रकारचा? तुम्हाला मिळालेल्या दरांत एमपीपीटी चौपट महाग आहे, आणि या दोन्हींमधल्या फरकाच्या पैशांत १०० वॉटचा आणखी एक पॅनेल येतो. दीड-दोन वर्षांत छताच्या मोकळ्या जागेवर घरांसाठी वापरतात तसला एक मोठा पॅनेल चढवायचा आणि बॅटरी लिथियमची करायची, असा तुमचा बेत आहे. गाडी वर्षाला साधारण साठ दिवस बाहेर असते, त्यातले निम्मे दिवस कॅम्पच्या वीजजोडणीवर. एमपीपीटीचे पैसे गाडीच्या दुरुस्तीसाठी राखलेल्या रकमेतून काढावेत की हप्त्यांवर घ्यावा, हेही तुम्ही विचारलंय.

माझं मत स्पष्ट आहे. आज चांगल्या दर्जाचा पीडब्ल्यूएम घ्या, दुरुस्तीच्या पैशांना हात लावू नका, हप्ते तर नकोतच. एमपीपीटी मोठ्या पॅनेलसोबतच घ्या. दोन वेळा खरेदी करायची म्हणजे पैसे वाया, असं वाटेल, पण इथे तसं होत नाही. का ते सांगतो.

पीडब्ल्यूएम पॅनेलला जवळपास थेट बॅटरीशी जोडतो. १०० वॉटच्या पॅनेलचं काम करायचं व्होल्टेज १८ आणि करंट साधारण ५.६ अँपिअर. बॅटरी १३.२ व्होल्टवर असेल तर पॅनेलही तिथेच खेचला जातो, आणि ५.६ गुणिले १३.२ म्हणजे ७४ वॉट हाती येतात. एमपीपीटी पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालू देतो आणि जास्तीच्या व्होल्टेजचं करंटमध्ये रूपांतर करतो. कागदावर म्हणूनच तो ९६ वॉट देताना दिसतो. जाहिरातीतला ‘तीस टक्के जास्त’ हा आकडा इथूनच येतो.

पण छतावर कडक उन्हात पॅनेलचं तापमान सहज ६० अंशांवर जातं. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला पॅनेलची शक्ती सुमारे ०.३८ टक्क्यांनी घटते, म्हणजे १०० वॉटचे ८७ उरतात आणि एमपीपीटीतून ८३ बाहेर येतात. पीडब्ल्यूएमचे ७४ मात्र जवळपास तसेच राहतात, कारण उष्णतेत पडतं ते व्होल्टेज, आणि पीडब्ल्यूएम वरचं व्होल्टेज तसंही वापरत नव्हता. फरक राहिला पॅनेलमागे नऊ वॉटचा. दोन पॅनेल आणि प्रखर उन्हाचे साडेचार तास धरले तर दिवसाला सुमारे ८० वॉट-अवर.

आता या ८० वॉट-अवरची किंमत करू. कॅम्पच्या जोडणीवर असता तेव्हा त्यांचा उपयोग शून्य. बॅटरी दुपारीच भरली त्या दिवशीही शून्य. उरलेले सगळे तीस दिवस ते पुरेपूर वापरले असं मानलं तरी वर्षाला २,४०० वॉट-अवर होतात, म्हणजे घरच्या मीटरवरचे अडीच युनिटसुद्धा नाहीत. गाडी चालताना इंजिनच्या अल्टरनेटरवरून २० अँपिअरने चार्जिंग होत असेल, तर एका दिवसाचे हे ८० वॉट-अवर वीस मिनिटांत भरून निघतात. तेवढ्याच पैशांत तिसरा पॅनेल घेतला असता तर पीडब्ल्यूएमवरसुद्धा दिवसाला ३३० वॉट-अवर वाढले असते. दोनशे वॉटवर हा एमपीपीटी लावणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तिसरा छोटा पॅनेल मात्र आता घेऊ नका, त्याने मोठ्या पॅनेलची जागा अडेल. तूर्त गरज तरी किती आहे? १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला ४०० ते ६०० वॉट-अवर खातो, दिवे, पंप आणि फोन मिळून शंभरेक. तुमचे दोन पॅनेल पीडब्ल्यूएमवर चांगल्या उन्हात ६६० च्या आसपास देतील. एजीएम निम्मी वापरायची म्हटलं तर तिच्यात ९०० वॉट-अवर असतात, म्हणजे एखादा ढगाळ दिवस निघून जातो.

माझं मत बदलेल अशी परिस्थितीही आहे. तुमचे ते तीस दिवस बहुतेक थंडीतले, जोडणीशिवायचे, एका जागी सलग मुक्कामाचे असतील, तर हिशेब वेगळा होतो. थंड पॅनेलवर एमपीपीटीचा फायदा खरोखर तीस टक्क्यांपर्यंत जातो आणि तेव्हा ऊनही कमी असल्याने प्रत्येक वॉट मोलाचा असतो. छत पूर्ण भरलेलं असेल तरीही तसंच, कारण मग वीज वाढवायचा दुसरा मार्ग उरत नाही. तुमच्या वर्णनात या दोन्ही गोष्टी नाहीत.

राहिला मोठ्या पॅनेलचा बेत. साधारण १.७ बाय १.१ मीटरचा, ४१० वॉटचा पॅनेल ३१ व्होल्टवर १३ अँपिअर देतो. वॉटमागे तो छोट्या पॅनेलपेक्षा सहसा स्वस्त पडतो, म्हणून तुमचा बेत मला पटतो. तो पीडब्ल्यूएमवर जोडला तर ४१० पैकी जेमतेम १७५ वॉट मिळतील. शिवाय त्याचं उघडं व्होल्टेज, म्हणजे काहीच जोडलेलं नसतानाचं, ३७ च्या आसपास असतं. फक्त १२ व्होल्टसाठी बनवलेल्या पीडब्ल्यूएमची मर्यादा अनेकदा २५ असते, त्यामुळे तो जळूही शकतो. तिथे एमपीपीटी हवाच, आणि तिथे चौपट किंमत सहज वसूल होते.

तेव्हा पीडब्ल्यूएम काढून टाकायची गरज नाही, आणि माझ्या सल्ल्याचा आधार हाच आहे. दोन कंट्रोलर एकाच बॅटरीला चार्ज करू शकतात. जुने दोन पॅनेल जुन्या पीडब्ल्यूएमवरच राहतील, नवा मोठा पॅनेल त्याच्या एमपीपीटीवर. प्रत्येकाची वायर आणि फ्यूज वेगळा ठेवायचा, चार्जिंगचे व्होल्टेज दोन्हींत सारखे लावायचे. ३१ व्होल्टचा पॅनेल आणि १८ व्होल्टचे पॅनेल एकाच कंट्रोलरवर समांतर जोडले असते तर मोठा पॅनेल खाली खेचला गेला असता, म्हणजे वेगळा कंट्रोलर तसाही फायद्याचाच ठरतो. उलट एमपीपीटी आज घेतला तर त्याच्या वॉरंटीची दीड-दोन वर्षं दोनशे वॉटवर संपतील.

पीडब्ल्यूएम घेताना तीन गोष्टींवर तडजोड करू नका. एक, चार्जिंगचं व्होल्टेज हाताने ठरवता आलं पाहिजे. एजीएमला १४.४ ते १४.७ आणि फ्लोट, म्हणजे बॅटरी भरल्यावर टिकवून ठेवायचं व्होल्टेज, १३.६ च्या आसपास लागतं. लिथियम आली की १४.२ ते १४.४, आणि इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेजने केलेलं चार्जिंग) व तापमान भरपाई (बॅटरीच्या तापमानानुसार व्होल्टेज बदलणं) दोन्ही बंद. नेमके आकडे बॅटरीच्या कागदावरून घ्या. दुसरी गोष्ट बॅटरीला चिकटवायचा तापमान सेन्सर. एजीएमसाठी दर अंशाला सुमारे २४ मिलिव्होल्टची भरपाई लागते. बॅटरीचा कप्पा ४० अंशांवर गेला की व्होल्टेज ०.३६ ने उतरायला हवं. ते उतरलं नाही तर आतलं पाणी उडत राहतं, आणि एजीएममध्ये पाणी भरता येत नाही. या सगळ्या यंत्रणेत सर्वांत महाग वस्तू बॅटरी आहे. कंट्रोलरवर वाचवलेले पैसे तिच्यावर दुपटीने जायला नकोत. तिसरी गोष्ट, कंट्रोलर ‘कॉमन निगेटिव्ह’ असावा. बरेच स्वस्त पीडब्ल्यूएम निगेटिव्ह बाजू तोडजोड करतात. गाडीच्या सांगाड्याला निगेटिव्ह जोडलेली असताना पॅनेलची निगेटिव्ह कुठे सांगाड्याला लागली, तर कंट्रोलरला वळसा घालून करंट थेट बॅटरीत जातो.

वाचलेल्या पैशांतला थोडा भाग जाड वायरवर घाला. दोन पॅनेल समांतर, ११ अँपिअर, छतापासून कंट्रोलरपर्यंत पाच मीटर : २.५ चौरस मिमीच्या वायरमध्ये ०.८ व्होल्ट जातात, पुढे बॅटरीपर्यंतच्या दोन मीटरमध्ये आणखी ०.३. तापलेल्या पॅनेलचं व्होल्टेज १५.६ वर आलेलं असतं, म्हणजे बॅटरीपाशी जेमतेम १४.५ उरतात. मग शेवटच्या टप्प्यात करंट घसरतो आणि बॅटरी संध्याकाळपर्यंत अर्धवट राहते. ६ चौरस मिमी वापरली की एकूण घट अर्ध्या व्होल्टच्या आत येते. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर २५ अँपिअरचा फ्यूज हवा. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल. इन्व्हर्टर कंट्रोलरच्या ‘लोड’ टोकावर लावू नका, तो स्वतंत्र फ्यूजमधून थेट बॅटरीवर जातो.

मोठ्या खरेदीसाठी आजपासून वेगळं खातं किंवा आरडी चालू करा. त्यात पॅनेल, एमपीपीटी आणि लिथियम बॅटरी धराच, पण ब्रॅकेट, सीलंट, १० चौरस मिमीची वायर आणि ४० अँपिअरचा फ्यूजही धरा, हे खर्च हमखास विसरले जातात. पॅनेलचं वजन २१-२२ किलो असतं, गाडीच्या भारक्षमतेत ते बसतं का ते आधी बघा. लिथियममध्ये शून्य अंशाखाली चार्जिंग थांबवणारी बीएमएस (बॅटरीचं रक्षण करणारी आतली यंत्रणा) हवी. एमपीपीटीच्या ‘७५/३०’ किंवा ‘१००/३०’ अशा खुणेत पहिला आकडा पॅनेलकडच्या व्होल्टेजची मर्यादा असतो, दुसरा बॅटरीकडचा करंट. एका पॅनेलचे ३७ व्होल्ट उणे दहा अंशांतही ४१ च्या वर जात नाहीत, त्यामुळे ७५ पुरेसा आहे. १५० व्होल्टच्या मॉडेलला जास्त पैसे देऊ नका.

त्या वेळी नकली एमपीपीटीपासूनही जपा. पेटीवर एमपीपीटी छापलेलं, आत पीडब्ल्यूएम, असे कंट्रोलर सर्रास विकले जातात. ३० अँपिअरचा असून हातात हलका लागला, मागे उष्णता सोडणारा अॅल्युमिनियमचा भाग नसला, तर शंका घ्या. खात्री क्लॅम्प मीटरने (वायरभोवती पकडून करंट मोजणाऱ्या मीटरने) होते. बॅटरी अर्धी रिकामी असताना भर उन्हात पॅनेलकडचा आणि बॅटरीकडचा करंट मोजा. मोठ्या पॅनेलवर खरा एमपीपीटी आत येणाऱ्या ११ अँपिअरचे बॅटरीकडे २३-२४ करून दाखवतो. दोन्हीकडे आकडा सारखाच आला, तर वस्तू परत करण्याच्या मुदतीतच ती परत करा.