खासगी लष्करी कंपन्या पैसे घेऊन लढतात, यात गैर काय?

पैसे घेण्यात गैर काही नाही, पगार जवानही घेतो. गोची आहे ती जाब विचारण्यात. १६ सप्टेंबर २००७ ला बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अमेरिकी खासगी लष्करी कंपनीच्या रक्षकांच्या गोळीबारात १७ इराकी नागरिक गेले. इराकी कायदा त्यांना लागूच नव्हता. अमेरिकेत चौघांना शिक्षा झाली, तीही ट्रम्प यांनी डिसेंबर २०२० मध्ये माफ केली. शिवाय कंत्राटी माणूस मेला तर तो सैन्याच्या मृतांत धरत नाहीत. सरकारला ते सोयीचंच.

बाकी पुणेकरांना हे नव्याने सांगायला नको. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांवर तलवार चालवणारे गारदी पहाऱ्यावरचेच भाडोत्री होते. २०२३ मध्ये वॅग्नर या रशियाच्याच खासगी लष्करी कंपनीचे लोक बंड करून मॉस्कोच्या दिशेने निघाले, तेव्हा मला तेच आठवले. नियम म्हणाल तर अशा कंपन्यांबाबत देशांनी मान्य केलेला २००८ चा माँत्रो दस्तऐवज आहे, पण तो कोणावर बंधनकारक नाही.