स्वराज द्वीपावरच्या रिसॉर्टमध्ये सहकुटुंब किती रात्री राहावं?

दोन लहान मुलं आणि आई-बाबांना घेऊन बेळगावहून अंदमानला निघताय, तर स्वराज द्वीपावर (जुनं हॅवलॉक) चार रात्री धरा. तीन कमीच पडतात. सांबऱ्याहून (बेळगावचा विमानतळ) थेट विमान नाही. बेंगळुरूला बदलून पोर्ट ब्लेअर, मग पुढं बोट. हे जाण्या-येण्याचे दिवस फिरण्यात मोजूच नका.

एक अख्खा दिवस राधानगर किनाऱ्याला द्या. हिवाळ्यात तिथं साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो, म्हणून तीनलाच पोचा. दुसरा दिवस एलिफंट बीच. तिसरा मात्र मोकळा सोडा. मुलं वाळूतून उठत नाहीत, थोरल्यांचे पाय दुखतात. आमच्या घरी सगळ्यांना अजून तोच दिवस आठवतो.

परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच (आता श्री विजयपुरम) करा, कारण समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. त्या दिवशी सेल्युलर जेल बघा. सावरकरांच्या कोठडीपाशी आमचे बाबा कितीतरी वेळ उभे होते.

जून ते सप्टेंबर टाळा. पाऊस आपल्याला खानापूर-जांबोटीतही भरपूर मिळतो.