नोडची व्याख्या पाठ करण्याआधी हे बघ

नोडच्या पाच-सहा व्याख्या घोकल्यास तर त्या एकमेकींत मिसळतील. त्यापेक्षा प्रत्येक विषयात एवढंच विचार: या बिंदूपाशी नेमकं काय घडतं?

सुरुवात हृदयापासून कर. उजव्या अलिंदाच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) वरच्या भागातला एसए नोड मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोक्यांची लय ठरवतो. खालचा एव्ही नोड तोच विद्युत संदेश सेकंदाचा जेमतेम दहावा भाग अडवून पुढे सोडतो. ही अडवणूक मला फार सुंदर वाटते, कारण तेवढ्या वेळात अलिंदांतलं रक्त निलयांत, म्हणजे खालच्या कप्प्यांत, उतरतं. संशोधक तवारा यांनी एव्ही नोडचं वर्णन १९०६ मध्ये प्रसिद्ध केलं, तर एसए नोडचं कीथ आणि फ्लॅक यांनी १९०७ मध्ये. ईसीजीत (हृदयाच्या विद्युत आलेखात) पीआर अंतर, म्हणजे अलिंदांतल्या संदेशापासून निलयांतल्या संदेशापर्यंतचा वेळ, मोजशील तेव्हा त्यातला बराचसा वेळ याच थांब्याचा असतो, हे ध्यानात ठेव.

लसिकाग्रंथी हेही नोडच, पण त्यांचं काम गाळणीचं. नेटवर्कमध्ये संगणक, प्रिंटर, राउटर सगळेच नोड.

भौतिकशास्त्रात चित्र उलटं: स्थिर तरंगात (जागच्या जागी कंप पावणाऱ्या तरंगात) नोडपाशी हालचाल शून्य. सतारीच्या तारेच्या बरोबर मध्यावर बोट हलकेच टेकवून छेड, बोटापाशी नोड तयार होऊन वरच्या सप्तकातला तोच स्वर ऐकू येईल.

आणि राहू-केतू? चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. ती क्रांतिवृत्ताला (आकाशातल्या सूर्याच्या वार्षिक मार्गाला) छेदते ते हे दोन बिंदू. अमावस्या किंवा पौर्णिमा त्यांच्याजवळ आली तरच ग्रहण होतं. घरातल्या पंचांगात पुढच्या ग्रहणाच्या दिवशी राहू कुठे आहे, ते काढून बघच.