नवा असेंबल केलेला पीसी सुरू होतानाच बंद पडतो. प्रोसेसर बदलायच्या आधी काय तपासू?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर५ ६००० रॅम, आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्ड आणि ६५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा). दोन दिवसांपूर्वी घरीच जोडला आणि व्हिडिओत सांगितलं म्हणून बायोसमध्ये (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) एक्स्पो, म्हणजे रॅम खोक्यावरच्या वेगाने चालवायची सेटिंग, चालू केलं. तेव्हापासून कधी बोर्डाचा लोगो दिसून बंद होतो, कधी विंडोजचं वर्तुळ फिरता फिरता रीस्टार्ट होतो, तर कधी स्क्रीन काळीच राहते. दुकानदार म्हणतो, प्रोसेसर गेला असेल, नवा घ्या.

कृपा करून आत्ता प्रोसेसर घेऊ नका. मी बरीच वर्षं पीसी जोडतोय आणि दुरुस्तही करतोय. नवाकोरा प्रोसेसर मुळातच खराब निघालेला फार क्वचित पाहिलाय. तुमचं वर्णन वाचून माझा पहिला संशय रॅमवर आहे. रॅम खराब आहे असं म्हणत नाही, ती ज्या वेगाने चालवताय त्यावर संशय आहे.

रॅमच्या खोक्यावरचा ६००० हा रॅमवाल्या कंपनीचा आकडा. एएमडीने ७६०० साठी दोन रॅम लावून अधिकृतपणे ५२०० पर्यंतचीच हमी दिलीय. एक्स्पो चालू केलं की तुम्ही त्या हमीच्या बाहेर जाता. बहुतेक ७६०० प्रोसेसर ६००० आरामात पेलतात, पण बोर्डातलं बायोस जुनं असेल तर तीच जोडी अडखळते. आणि अडखळते ती कशी, तर अगदी तुम्ही लिहिलंय तशीच, दर वेळी वेगळ्या ठिकाणी.

म्हणून सगळ्यात आधी बायोस मूळ सेटिंगवर आणा. मागचं बटण बंद करून प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, बोर्डावरचा नाण्यासारखा सेल पाच मिनिटं काढून ठेवा आणि परत बसवा. मग पीसी सुरू करा आणि हात मागे घेऊन बसा. हे मुद्दाम सांगतोय. डीडीआर५ बोर्ड पहिल्यांदा, किंवा सेल काढल्यावर, रॅमशी जुळवून घेतो. त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते, पंखे फिरत असतात, बोर्डावर डीरॅम लिहिलेला छोटा दिवा पेटलेला असतो, आणि कधी कधी पीसी आपणच एकदोनदा बंद होऊन चालू होतो. याला काही मिनिटं लागतात. मी पंधरा मिनिटं धरून चालतो. एका कॉलेजच्या मुलाने असाच पीसी माझ्याकडे आणला होता. दर मिनिटाला तो बटण दाबून बंद करायचा, म्हणजे ट्रेनिंग दर वेळी पहिल्यापासून सुरू व्हायचं. माझ्या टेबलावर आम्ही चहा घेईपर्यंत थांबलो, दिवा विझला आणि लोगो आला. एकही पार्ट बदलावा लागला नाही.

सुरू झाल्यावर एक्स्पोला हात लावू नका. रॅम ४८०० वर चालेल, चालू द्या. एक दिवस तशीच वापरा. बंद पडला नाही तर चोर सापडला. मग बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून नवं बायोस टाका. ते टाकताना रॅम ४८०० वरच हवी आणि वीज जाण्याची भीती नको. इन्व्हर्टर किंवा यूपीएस असेल तर त्यावर घ्या. नवं बायोस टाकायचं आणखीही एक कारण आहे. २०२३ मध्ये याच एएम५ सॉकेटच्या (तुमच्या प्रोसेसरचंही हेच) बोर्डांवर जास्त व्होल्टेजमुळे काही प्रोसेसर जळाले, त्यात नावात एक्स३डी असलेले जास्त होते. त्यानंतर बायोसमधून एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाला मिळणारं व्होल्टेज) १.३ व्होल्टची मर्यादा घातली गेली. त्याआधीचं बायोस असेल तर ते तसंच ठेवून एक्स्पो चालू करू नये. नव्या बायोसवर परत ६००० करून बघा, नाही जमलं तर ५६०० वर आणा.

४८०० वरही बंद पडत असेल तर एकच रॅम ठेवा, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये. बोर्डावर त्याला ए२ लिहिलेलं असतं. मग ती काढून तिथेच दुसरी लावा. रॅम पूर्ण बसल्याचा 'टक्' आवाज यायला हवा. बऱ्याच बोर्डांवर क्लिप एकाच बाजूला असते, त्यामुळे दुसरी बाजू अर्धवट बसलेली कळत नाही. सोनेरी पट्टीची थोडीशीही कड वर दिसली तर ती बसलेली नाही. (आपल्याकडे रॅम खोडरबराने पुसायची सवय आहे. नव्या रॅमला त्याची गरज नाही, उलट रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो.) दोन्ही रॅम ए२ मध्ये नीट चालतात पण बी२ मध्ये (चौथा स्लॉट) एकही चालत नाही, असं झालं तर बहुधा प्रोसेसरच्या सॉकेटमधली एखादी पिन वाकलीय किंवा कूलर एका बाजूला जास्त आवळलाय. एएम५ मध्ये पिना बोर्डात असतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा, पण पिनांना बोट लावू नका.

याच वेळी ग्राफिक कार्डही काढून ठेवा. ७६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे, मॉनिटरची केबल बोर्डाच्या मागच्या पोर्टला लावा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते कागदावर लिहा, नाहीतर तिसऱ्या तासाला काहीच आठवत नाही.

तरीही तेच होत असेल तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. नुसता प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस. बाहेर चालला आणि आत मेला, तर दोष कॅबिनेटमध्ये आहे. गेल्या वर्षी एक पीसी तीन दिवस मला छळत होता. बोर्ड छोटा, मायक्रो एटीएक्स, कॅबिनेट मोठी. मोठ्या बोर्डासाठी लावलेला एक पितळी स्टँडऑफ (ज्यावर बोर्ड टेकतो तो खुंट) कुणी काढला नव्हता, आणि तो बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरच्या टाक्यांना टेकत होता. बोर्ड उलटा केला तेव्हा हिरव्या थरावर नखाएवढा गोल ओरखडा दिसला. तो एक स्टँडऑफ काढला आणि पीसी चालू झाला. तुमचं बोर्डही मायक्रो एटीएक्स असेल तर हे आधीच बघा.

एसएमपीएसची ताकद कमी पडत नाहीये. ४०६० ला ११५ वॉट लागतात, ७६०० जेमतेम ९० घेतो. पण प्रोसेसरची ८ पिनची केबल वरच्या कोपऱ्यात पूर्ण आत गेलीय का बघा. आणि मॉड्युलर (सुट्या केबलच्या) एसएमपीएसला दुसऱ्या कुठल्याही एसएमपीएसची केबल लावू नका. प्लग तसाच दिसतो, आतली तारांची जुळणी वेगळी असते, आणि एसएसडीपासून बोर्डापर्यंत काहीही जळू शकतं. कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढलं होतं ना, तेही आठवून बघा. ते राहिलं तर प्रोसेसर तापून पीसी बंद होतो. घरातल्या सॉकेटला अर्थिंग आहे का, तेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पाण्याची मोटर चालू होताना पीसी रीस्टार्ट होत असेल तर तो वेगळाच मामला.

विंडोजचं शेवटी. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची चुकांची नोंदवही) कर्नल पॉवर ४१ दिसेल, त्याने घाबरू नका. पीसी नीट बंद न होता गेला एवढंच तो सांगतो, का गेला ते नाही. रॅमची खात्री करायला मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एकही चूक आली तर ती रॅम वॉरंटीत द्या, 'एकच तर आहे' म्हणून सोडू नका.

दुकानात जायचं झालं तर मेमटेस्टचा फोटो आणि तो कागद बरोबर न्या. तुम्ही काय काय तपासलंय ते समोर असलं की प्रोसेसरवर बोट ठेवणं त्याला इतकं सोपं जात नाही. आज सेल काढून पंधरा मिनिटं थांबा, आणि बंद पडताना बोर्डावरचा कोणता दिवा पेटलेला राहतो, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए की बूट, ते इथे लिहा. त्यावरून पुढचं सांगतो.